प्रतिपत्ती : वापरलेल्या वस्तू आणि माणसाचा देह

आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात आहिताग्नीच्या, म्हणजे ज्याने श्रौत अग्नींची विधिपूर्वक स्थापना करून ते सांभाळले अशा गृहस्थाच्या, अंत्यसंस्काराचे वर्णन येते आणि त्यात चितेवर ठेवलेल्या देहाच्या कोणत्या अवयवावर त्याचे कोणते यज्ञपात्र ठेवावे याचा क्रम अत्यंत काटेकोरपणे सांगितलेला आहे. उजव्या हातात जुहू ही आहुती देण्याची लाकडी पळी, डाव्या हातात तिच्या जोडीची उपभृत्, छातीवर ध्रुवा, नाकपुड्यांवर स्रुवा, दातांवर सोम कुटण्याचे दगड, डोक्यावर पुरोडाश भाजण्याची कपाले म्हणजे मातीची खापरे, पोटावर पात्री, मांड्यांवर अग्निमंथनाच्या अरणी, पायांवर उखळ आणि मुसळ, पावलांवर सुपे अशी ही मांडणी आहे. स्रुवा एकच असेल तर ती मोडून तिचे दोन तुकडे दोन नाकपुड्यांवर ठेवावेत आणि ज्या पात्रांना खोलगटपणा आहे त्यांत पृषदाज्य, म्हणजे दही मिसळलेले तूप, भरावे, इतके बारकावे सूत्रकार सांगतो. ही मांडणी पूर्ण झाल्यावर चितेवर जे दिसत असेल त्याला केवळ प्रेत म्हणणे कठीण आहे, कारण सूप, उखळ, खापर आणि पळी यांनी अवयवागणिक झाकलेली ती एक नवी आकृती असते आणि तिच्यात माणूस कुठे संपतो व त्याच्या हाताखालच्या वस्तू कुठे सुरू होतात हे सांगता येत नाही.

या विधीमागचा विचार समजून घेण्यासाठी मीमांसाशास्त्रातली एक संज्ञा उपयोगी पडते. मीमांसक यज्ञातील कर्मांमध्ये अर्थकर्म आणि प्रतिपत्तिकर्म असा भेद करतात. ज्या कर्मातून पुढच्या कार्याला लागणारे काही निष्पन्न होते ते अर्थकर्म, आणि ज्या कर्मात आधीच उपयोगात येऊन गेलेल्या द्रव्याला त्याच्या शेवटच्या योग्य जागी पोहोचवले जाते ते प्रतिपत्तिकर्म. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण काळविटाच्या शिंगाचे आहे. सोमयागाची दीक्षा घेतलेल्या यजमानाने अंगाला खाज सुटली तर नखाने खाजवायचे नसते, त्यासाठी त्याला हे शिंग दिलेले असते, आणि काम संपल्यावर ते चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकावे असे विधान आहे. शिंग खड्ड्यात टाकल्याने यज्ञाला नवे काही मिळत नाही. तरीही ते कुठेही भिरकावून चालत नाही, कारण जे वापरले गेले त्याच्याशी वापरणाऱ्याचे एक नाते जुळलेले असते आणि त्या नात्याचा शेवटही विधीनेच व्हावा लागतो. मराठीत ‘टाकणे’ आणि ‘ठेवणे’ या दोन क्रियापदांच्या मध्ये जी रिकामी जागा आहे ती प्रतिपत्ती या शब्दाने भरून निघते. निर्माल्य केराच्या टोपलीत न टाकता वाहत्या पाण्यात सोडण्याचा किंवा झाडाच्या बुंध्याशी घालण्याचा घरोघरचा आग्रह, आणि खंडित झालेली मूर्ती पूजेतून काढल्यावर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवण्याची रीत, यांत हाच विचार शास्त्राचे नाव न घेता टिकून राहिलेला दिसतो.

गेल्या शतकभरात घरातल्या टाकलेल्या वस्तू आणि मानवी देह यांचा सांधा जुळवणारी कला जगात अनेक ठिकाणी निर्माण झाली. बर्लिनमधील दादा चळवळीतील राऊल हाउसमान याने 1919–20 च्या सुमारास केस बांधण्याच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडी डोक्यावर घडीचा पेला, मोजपट्टी, घड्याळाचे भाग अशा वस्तू जडवल्या आणि त्या डोक्याला आपल्या युगाचा आत्मा म्हटले. त्याला दाखवायचा होता तो आतून रिकामा झालेला आणि बाहेरून चिकटवलेल्या साधनांवर चालणारा माणूस. या कलेबद्दल बोलताना बहुधा दोन भाषा वापरल्या जातात. एक भाषा हाउसमानच्या अंगाने जाणारी, माणूस वस्तू झाला अशी तक्रार करणारी, आणि दुसरी तिच्या उलट, निर्जीव वस्तूत कलावंताने प्राण ओतला असे कौतुक करणारी. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापासून ओळखीचे झालेले ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे घोषवाक्य दुसऱ्या भाषेचीच घरगुती आवृत्ती आहे. या दोन्ही भाषांत एक प्रश्न सुटून जातो, आणि धर्मविचाराच्या दृष्टीने तोच मुख्य आहे : वापरलेल्या वस्तूला माणसाच्या देहाशी जोडून तिचा शेवट, किंवा तिचा पुनर्जन्म, ठरवण्याचा अधिकार कोणाचा? येथे अधिकार हा शब्द मीमांसकांच्या अर्थाने घ्यायचा आहे. त्याचा अर्थ हक्क एवढाच नसून, एखादे कर्म करण्याची आणि त्याच्या फळाशी बांधले जाण्याची पात्रता असा आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, कारण देह आणि टाकलेले भांडे यांची जोडणी कलावंतांच्या कितीतरी आधी समाजाने करून ठेवली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांतून जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी त्यांच्यासाठी ‘अपपात्र’ असा शब्द येतो आणि त्याचा एक अर्थ, ज्याने वापरलेले भांडे पुन्हा कोणी वापरू नये असा माणूस, हा आहे. या शब्दातली उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे. एरवी वस्तू मोडते म्हणून टाकली जाते, पण येथे धडधाकट वस्तू एका देहाच्या स्पर्शाने टाकाऊ ठरते, आणि दुसऱ्या बाजूने जी वस्तू आधीच टाकाऊ झाली आहे तीच त्या देहाला योग्य मानली जाते. आहिताग्नीच्या देहावर ठेवली जाणारी पात्रे त्याची स्वतःची असतात, आयुष्यभर त्याच्या हाताने घासली गेलेली असतात. चांडाळाच्या हातातले फुटके भांडे दुसऱ्याच्या आयुष्यातून गळून पडलेले असते आणि ते त्याच्या देहाला चिकटवले जाते ते त्याच्या जिवंतपणीच.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात पेशव्यांच्या पुण्यातील अस्पृश्यांविषयी लिहिले आहे की, पाऊल पडलेली वाट झाडली जावी म्हणून त्यांना कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे. झाडू आणि मडके या घरातल्या सर्वांत साध्या दोन वस्तू आहेत, आणि एक माणूस दोन्ही अंगावर वागवत भर रस्त्यातून चालला आहे अशी ही आकृती आहे. तिला कोणत्याही कलादालनाची गरज नव्हती, कारण अख्खे शहर तिचा प्रेक्षक होते. मनुस्मृतीचे दहन महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी झाले तेव्हा जळाला तो ग्रंथ, परंतु त्या ग्रंथातले फुटके भांडे पुढेही दीर्घकाळ वेगळ्या ठेवलेल्या, दारामागच्या कोनाड्यात उपड्या घातलेल्या कपबशीच्या रूपाने घराघरांत राहिले, याची साक्ष दलित आत्मकथनांनी दिली आहे. त्यामुळे देह आणि भंगार यांच्या मीलनाकडे सौंदर्याचा एक नवा प्रयोग म्हणून पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा इतिहास बाजूला सारून पुढे जाता येत नाही, किंबहुना तो सारला तर प्रयोगाचाच अर्थ कळत नाही.

मनुस्मृतीतले मृतांचे वस्त्र आणि बौद्ध भिक्षूचे चीवर यांची तुलना केली तर अधिकाराचा प्रश्न आणखी टोकदार होतो. बौद्ध परंपरेत धुतांगे नावाची तेरा ऐच्छिक व्रते सांगितलेली आहेत आणि त्यांतले पहिले पांसुकूलिकाचे, म्हणजे धुळीत पडलेल्या चिंध्या शिवून केलेले वस्त्रच वापरणाऱ्याचे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषाने लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात अशा चिंध्या कुठून मिळाव्यात याची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात स्मशानातले कापड, रस्त्यावर पडलेले, उकिरड्यावरचे, बाळंतपणात वापरून टाकलेले, गाईने चघळलेले, उंदराने कुरतडलेले असे अनेक प्रकार येतात. कापड तेच, स्मशानही तेच. पण मनूच्या विधानात ते दुसऱ्याने ठरवून एका समूहावर लादलेले असते आणि भिक्षूच्या बाबतीत ते त्याने स्वतः वाकून उचललेले असते. वस्तूची प्रतवारी त्या वस्तूत नसते, ती देणाऱ्या आणि घेणाऱ्या हातांमधल्या संबंधात असते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे अवघड आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील उच्छिष्टसूक्तात यज्ञानंतर उरलेल्या शेषावर नाम, रूप आणि सगळे जग आधारलेले आहे असे म्हटले आहे, आणि त्याच उच्छिष्ट शब्दापासून आलेला ‘उष्टे’ हा शब्द मराठी घरात मुलाला पान स्वच्छ करायला सांगताना वापरला जातो. विश्वाच्या आधारापासून ताटातल्या खरकट्यापर्यंतचा हा प्रवास एकाच शब्दाचा आहे.

या पार्श्वभूमीवर चंदीगडच्या रॉक गार्डनकडे पाहावे लागते. त्याचे निर्माते नेकचंद सैनी यांचा जन्म 1924 साली शकरगड परिसरातल्या, आज पाकिस्तानात असलेल्या, बेरियां कलां या गावी झाला आणि 1947 च्या फाळणीत त्यांच्या कुटुंबाला ते गाव सोडावे लागले. पुढे ते नव्या राजधानीच्या बांधकामावर सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. चंदीगड मोकळ्या माळावर उभे राहिले अशी एक समजूत असली तरी त्यासाठी अनेक गावे उठवली गेली होती, आणि त्या गावांतली घरे पाडल्यावर मागे राहिलेला संसार, म्हणजे फुटक्या बरण्या, कपबश्यांचे कपचे, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली, विजेचे निकामी खटके, ढिगांच्या रूपाने पडून होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून नेकचंद कामावरून सुटल्यावर सायकलवरून हे सामान सुखना तलावाजवळच्या राखीव झाडीत नेऊ लागले आणि दशकाहून अधिक काळ प्रशासनाच्या नकळत तिथे आकृती घडवत राहिले. जमीन सरकारी होती, बांधकामाला मनाई होती, त्यामुळे हे काम उघडकीस आल्यावर कायद्याने ते पाडणेच योग्य ठरले असते. ते न पाडता 1976 साली उद्यान म्हणून लोकांना खुले करण्यात आले, नेकचंद यांना त्याच कामासाठी पगारी पद आणि हाताखाली मजूर देण्यात आले, आणि 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2015 च्या जून महिन्यात त्यांचे निधन झाले.

या आकृती घडवण्याची रीत सांगायला सोपी आहे. लोखंडी सळ्या, पाइपांचे तुकडे किंवा सायकलचे सांगाडे यांचा अस्थिपंजर करायचा, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि तो ओला असतानाच त्यात बांगड्यांच्या काचा किंवा चिनी मातीचे कपचे बसवायचे. चेहरा बहुधा गुळगुळीत सिमेंटचाच राहतो. परिणामी शेकडो स्त्रीपुरुष ओळीने उभे किंवा बसलेले, सगळ्यांचे चेहरे जवळजवळ सारखे, निर्विकार, आणि वेगळेपणा काय तो अंगावर दिसणाऱ्या तुकड्यांचा : कुणाचे पोलके हिरव्या काचांचे, कुणाचा अंगरखा पांढऱ्या बशांचा. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या या स्त्रियांकडे पाहताना महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मराठीत बांगडी फुटली असे म्हणायचे टाळून ती ‘वाढवली’ असे म्हणण्याची रीत आहे, कारण बांगडी फुटणे हे वैधव्याचे चिन्ह मानले गेले. नेकचंद यांच्या आकृतींत फुटलेल्या काचाच अंगाची कातडी झाल्या आहेत, आणि त्या कोणाच्या हातातून, कोणत्या कारणाने फुटल्या याचा कोणताही उल्लेख तिथे नाही.

रॉक गार्डन आणि ल कार्बुझिए याने आखलेला कॅपिटॉल परिसर एकमेकांना लागून आहेत, या शेजाराचा अर्थही देहाच्या भाषेत सांगता येतो. कार्बुझिएने आपल्या वास्तुरचनेसाठी ‘मॉड्युलोर’ नावाची मापनपद्धती तयार केली होती आणि तिचा आधार 183 सेंटिमीटर उंचीचा, हात वर केल्यावर 226 सेंटिमीटरपर्यंत पोहोचणारा एक पुरुषदेह होता. घर, खिडकी, पायरी या सर्वांची मापे त्या एका आदर्श देहापासून निघावीत ही त्यामागची धारणा. म्हणजे एका बाजूला ज्या देहापासून वस्तूंची मापे काढली जातात तो देह आहे, आणि दुसऱ्या बाजूला ज्या वस्तू उरल्या त्यांच्यापासून काढलेले देह आहेत. पहिल्या देहाला कोणतेही गाव नाही आणि त्याने कधी एखादी बशी फोडल्याचे ऐकिवात नाही. दुसऱ्या देहांना मात्र गावे होती, फक्त ती नकाशावर राहिली नाहीत.

येथे न्याय–वैशेषिकांची शंका विचारात घेणे भाग आहे, कारण ती भावुकतेला चांगलाच लगाम घालते. वैशेषिकांच्या मते अनेक अवयव एकत्र येऊन जो अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, तयार होतो तो अवयवांहून वेगळे असे एक स्वतंत्र द्रव्य असते, आणि अवयवांचा विशिष्ट संयोग नष्ट झाला की तो अवयवीही नष्ट होतो. बशी फुटली म्हणजे बशी संपली. कपचा हा बशीचा अवशेष वाटत असला तरी तत्त्वतः ते एक नवे, लहान द्रव्य आहे. आणि संस्कार, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला जो ठसा पुढे स्मृतीला कारण होतो, तो आत्म्याच्या ठिकाणी राहतो, मातीच्या नाही. म्हणजे उठवलेल्या गावातल्या बाईचा हात त्या काचेत शिल्लक आहे असे म्हणणे नैयायिकाला मान्य होणार नाही; तो म्हणेल की जे काही शिल्लक आहे ते पाहणाऱ्याच्या मनात. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला नागसेन तर याहून पुढे जाईल, कारण त्याने राजा मिलिंदाला रथाच्या दाखल्याने असे पटवले की चाक, आस, दांडा यांपैकी एकही रथ नाही आणि त्यांच्याबाहेरही रथ नाही, आणि केस, नखे, दात यांच्याबाबतीत माणसाचेही तसेच आहे. नेकचंद यांची आकृती पाहून नागसेनाला कदाचित काहीच नवल वाटले नसते.

तरीही नैयायिकांच्याच घरात या कलेला उपयोगी पडणारा एक शब्द आहे. त्यांच्या मते शरीर म्हणजे भोगायतन, सुखदुःखाचा अनुभव जिथे घडतो ते ठिकाण. घडा, बशी, पलंग ही भोगाची साधने. माणसाचे शरीरही त्यांच्यासारखेच पृथ्वीद्रव्याचे, पण ते साधन नसून अनुभवाचे घर. द्रव्याच्या पातळीवर मडके आणि माणूस यांत फरक नाही हे संतांनीही वारंवार सांगितले आहे. गोरोबा कुंभारांनी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले ही आख्यायिका याच जाणिवेवर उभी आहे. तिच्यात थापटणे गोरोबांच्या हातात असणे योग्य वाटते ते ते कुंभार आहेत म्हणून, आणि नामदेवांना राग येतो तो आपले डोके मडके आहे यापेक्षा ते ठोकण्याचा अधिकार या माणसाला दिला कोणी या प्रश्नामुळे. नेकचंद यांनी केले ते असे की, भोगाची जी साधने भोग संपल्यावर ढिगात पडली होती त्यांना त्यांनी भोगायतनाचा आकार दिला. त्या आकारात अनुभव नाही हे नैयायिकाचे म्हणणे खरेच आहे. पण अनुभव नसलेले अनुभवाचे घर उभे राहिले की पाहणारा आपोआप विचारतो, यात राहत होते ते कुठे गेले? हा प्रश्न उकिरड्याकडे पाहताना कोणी विचारत नाही.

कोकणापासून विदर्भापर्यंतच्या मराठी घरांनी वस्तू आणि व्यक्ती यांचे हे नाते आपल्या परीने हाताळलेले आहे. लग्नमुंजीत आलेल्या किंवा घेतलेल्या पितळी आणि पुढे स्टीलच्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालून घेण्याची पद्धत होती, त्यामुळे एखाद्या तांब्यावर घरातून कधीच निघून गेलेल्या माणसाचे नाव दोन पिढ्या पाणी पीत राहते. भांडे चेपले, त्याला भोक पडले की ते मोडीत घातले जाते, आणि तिथे वजन होते ते धातूचे. नाव कोणाचेही असले तरी भाव तोच. बोहारणीच्या व्यवहारात तर देहावरचे कापड सरळ भांड्यात रूपांतरित होते, कारण जुने कपडे घेऊन ती त्यांच्या बदल्यात पातेले किंवा डबा देते आणि दोन साड्यांवर एक वाटी मिळावी की डबा यावर उंबऱ्यात बसून घासाघीस चालते. जुन्या लुगड्यांची गोधडी, किंवा काही भागांत जिला वाकळ म्हणतात ती, मात्र या बाजारातून वेगळी काढलेली असते; तिच्यातले कापड घरातल्याच अंगावरून उतरलेले असते आणि घरातल्याच अंगावर परत जाते. प्रतिपत्तीचे याहून नेमके घरगुती उदाहरण दुसरे देता येणार नाही, आणि ते बहुतेक करून बायकांच्या हातून घडत आलेले असल्यामुळे त्याला शास्त्रात नाव मिळालेले नाही.

कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या शिल्पकर्तीच्या कामात हाच धागा अगदी अक्षरशः हाती येतो. बोगोतामध्ये 1958 साली जन्मलेल्या साल्सेदो यांनी आपल्या देशातील यादवी हिंसाचारात ज्यांचे आप्त मारले गेले किंवा नाहीसे केले गेले अशा लोकांकडे जाऊन, त्यांच्या साक्षी ऐकून, त्यांतून आपली कामे उभी केली. 1990 च्या दशकात त्यांनी केलेल्या ‘अनलँड’ या मालिकेत तीन मेजे आहेत आणि प्रत्येक मेज दोन वेगवेगळ्या जुन्या, वापरलेल्या मेजांचे अर्धे भाग जोडून केलेले आहे. दुरून पाहिले तर ओबडधोबड जोडलेले स्वयंपाकघरातले एक लांबट मेज, एवढेच. जवळ गेल्यावर दिसते की लाकडात हजारो बारीक छिद्रे पाडून त्यांतून माणसाचे केस ओवले आहेत आणि लाकूड अक्षरशः शिवले आहे. एका मेजाच्या अर्ध्या भागावर कातडीसारखे पातळ रेशीम चढवले आहे. त्या मेजाचे नाव अनाथ मुलीच्या सदऱ्यावरून ठेवलेले आहे, आणि त्यामागे आईची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेल्या एका लहान मुलीची हकिकत आहे जी नंतर आईने शिवलेला एकच कपडा दिवसेंदिवस घालत राहिली.

नेकचंद यांच्या आकृतींत वस्तूंपासून देह होतो. साल्सेदो यांच्याकडे देहाचा अंश वस्तूत शिरतो आणि मेज मेजच राहते. दुसरी रीत अधिक कठोर आहे आणि, या लेखाच्या मते, अधिक सावधही. माणसाची पूर्ण आकृती उभी केली की पाहणाऱ्याला तिच्याकडे हसता येते, तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढता येते, आणि रॉक गार्डनमध्ये नेमके तेच होते. केस ओवलेल्या मेजाशेजारी असे करण्याचा धीर होत नाही. हिंदू स्मृतींमध्ये केस आणि नखे देहापासून वेगळी झाल्याबरोबर अशुद्ध मानली जातात, जेवणात केस निघाला की ताट बाजूला सारले जाते. साल्सेदो यांनी नेमका जेवणाच्या मेजावरच केस आणून ठेवला, आणि तो काढून टाकता येऊ नये म्हणून टाका घालून ठेवला. शिल्पकार सुबोध गुप्ता यांच्या 2006 सालच्या ‘व्हेरी हंग्री गॉड’ या प्रचंड कवटीची तुलना येथे सहज सुचते, कारण तीही भांड्यांचीच आहे. पण ती चकचकीत भांडी आहेत. त्यांच्यावर कोणाचे नाव घातलेले दिसत नाही, तळाला कोणत्याही चुलीची काजळी नाही, आणि त्यामुळे तिच्यातला मृत्यू हा सगळ्यांचा, म्हणजेच कोणाचाही नसलेला, असा राहतो.

मग अधिकार कोणाचा? साल्सेदो यांचा अधिकार त्यांनी ऐकलेल्या साक्षींतून येतो आणि तो उसना आहे याची त्यांना जाणीव असावी, कारण कोणत्याही मेजावर त्यांनी मृताचे नाव किंवा चेहरा ठेवलेला नाही. नेकचंद यांनी कोणाची साक्ष घेतली नव्हती. ज्यांची घरे पाडली त्या गावकऱ्यांना त्यांनी काही विचारल्याचे चिन्ह त्या उद्यानात तरी दिसत नाही. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की स्वतःचे गाव मागे टाकून आलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या गावांचे तुकडे गोळा केले, आणि ते करण्यासाठी तो स्वतः वाकला. पांसुकूल उचलणाऱ्या भिक्षूच्या आणि त्याच्या वाकण्यात काही साम्य आहे. उद्यान सरकारी झाल्यावर मात्र टाकाऊ सामान गोळा करणारी केंद्रे उघडली गेली, वेचण्याचे काम पगारी हातांकडे गेले, आणि तिथून पुढे या अधिकाराचे स्वरूप बदलले. भारतातल्या कोणत्याही शहरात टाकलेली बरणी, तुटका डबा, फुटका आरसा यांना पहिला हात लागतो तो कचरा वेचणाऱ्या बाईचा. ही वेचणी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला आली त्यांतले बहुसंख्य लोक त्याच समूहांतले आहेत ज्यांना स्मृतींनी फुटकी भांडी नेमून दिली होती. टाकलेल्या वस्तूंची प्रतिपत्ती प्रत्यक्षात याच लोकांच्या हातून होते, काच वेगळी, पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळे, आणि ही निवड करणाऱ्या देहाची आकृती मात्र अजून कोणत्याही उद्यानात काचांनी मढवलेली उभी नाही. उभी राहिली तरी ती आनंदाची गोष्ट ठरेल की कमरेच्या झाडूची आणि गळ्यातल्या मडक्याची पुनरावृत्ती, हे तिला घडवणारे हात कोणाचे असतील यावर अवलंबून राहील.

आश्वलायनाच्या सूत्राकडे पुन्हा वळले तर त्या काटेकोर मांडणीच्या शेवटी एक अपवाद आढळतो. सगळी पात्रे देहावर ठेवायची, पण दृषद् आणि उपला, म्हणजे वाटण्याचे दोन दगड, पाटा आणि वरवंटा यांचे जुने रूप, मुलाने स्वतःकडे ठेवावेत. तांब्याची, लोखंडाची आणि कुंभाराने घडवलेली मातीची भांडीही त्याने घ्यावीत. मनुस्मृतीत याला जोडून वाचावी अशी दुसरी तरतूद आहे : पत्नी आधी वारली तर पतीने तिला आपल्या अग्निहोत्राच्या अग्नीने आणि यज्ञपात्रांसह जाळावे, आणि मग पुन्हा विवाह करून पुन्हा अग्नी स्थापन करावेत. म्हणजे यज्ञाची पळी पतीबरोबर किंवा पत्नीबरोबर जळते, नवीन पळी घडवली जाते, आणि पाटा मात्र राहतो. पाट्यावर वाटणारी बदलते, सासू जाते, सून येते, दगडाला मध्यभागी खोलगटपणा येतो आणि तो गुळगुळीत झाला की टाकीने तो पुन्हा खरखरीत करून देणारा टाकारी दारावरून आरोळी देत जातो.